करंज्यांचा डबा

२३ डिसेंबर, बुकित बातोक, सिंगापूर

दोन दिवस लिहायचं टाळलं. लिहिलं की खरं वाटायला लागतं.

इथे ताईच्या घरी नाताळाचं जेवण मी करायचं, हे तिनेच ठरवलेलं. नगरला घरी नाताळाला असतं तसं मटण, करंज्या. इथल्या दमट हवेत करंज्या मऊ पडतात म्हणून डबा एसीच्या खोलीत ठेवला, उशाशी. परवा म्हणाली, "तुझ्या भावजींच्या ऑफिसची माणसं येणारेत, टर्की मागवलीय. तू त्या दिवशी बाहेर जेव ना."

मी बाहेर? मग डबा कुणासाठी? खिडकीतून बसेस बघत बसलो.

आत्ता बेल वाजली. दारात बॅग घेऊन आई, थेट नगरहून; ती येणार हे ताईने मला सांगितलंच नव्हतं. "अरे, तू इथेच? ताई म्हणाली, तू नाताळाला कुठंतरी भटकायला गेलायस."