तिसऱ्या गाण्यातलं कुत्रं

नागपूर,
४ नोव्हेंबर १९८६

आदरणीय साडभाऊ मारोतराव,

तुम्हाले सप्रेम जयभीम, वच्छलाले आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्ही उमरेडले ठीक असाल असं धरून चालतो. खाणीतल्या धुळीचा खोकला गेला नसंल तर गुळाचा खडा चघळत जा (हे तुमची मोठी साळी पंचफुला सांगून राहिली, माझं मन आज तुमच्या खोकल्याबद्दल इतकं हळवं नाही. काहून नाही, ते खाली येईल).

तुमचं पत्र परवा मिळालं. ‘देवाजीभाऊ, अख्ख्या कॉलनीत तुमचीच कॅसेट वाजून राहिली’ असं तुम्ही लिहिलं. ते वाक्य मी पंचफुलाले दोनदा वाचून दाखवलं. मिलमध्ये खिशात घेऊन गेलो, आपल्या भीमगीतांच्या पार्टीच्या नत्थूजी ढोलकवाल्याले दाखवलं, त्यानं खुशीत चहा मागवला. चहा पिता पिता मी कागद पलटवला (पत्र मागूनही लिहिलेलं असते हे माझ्या ध्यानात राहत नाही). मागून तुम्ही लिहिलं होतं, की बोनसमधून तुम्ही दोन खिडक्यांचा टेप घेतला, एका खिडकीत माझी कॅसेट, दुसरीत कोरी, असं करून चाळीस कॅसेटी भरल्या आणि घरोघरी फोकटात वाटल्या. उरलेल्या जागेत सिनेमाची गाणीही भरली, म्हणजे टेप वाया जाऊ नये. मारोतराव गा, तो चहा माझ्याच्यानं पुरा पेवला नाही.

तुम्ही वाईट मनानं केलं असं मी म्हणत नाही. वाईट मनानं केलं असतं तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण ही कॅसेट कशासाठी काढली ते तुम्ही विसरले, म्हणून पुन्हा लिहितो. धरमपेठेत एका साहेबाच्या गॅरेजमध्ये रेकॉर्डिंगची खोली आहे. मे महिन्यात तिथं आम्ही सात जण कोंडून घेऊन गायलो. पंख्याचा आवाज येते म्हणून पंखा बंद. तिसऱ्या गाण्यात मी वरच्या सुरावर थांबलो आणि नेमकं तेव्हाच बाहेर साहेबाचं कुत्रं भुंकलं. पुन्हा गायचं तर पुन्हा भाडं, म्हणून कुत्रं तसंच राहू दिलं. तेवढं एक सोडलं तर कॅसेट अशी झाली की नत्थूजी ऐकून रडला. ठरलं असं, की ही विकून जे येईल त्यातून दुसरी काढायची, आणि ती पुरी पंचफुलाची. छप्पन साली ती पंधरा वर्षांची, आईसोबत पांढरं लुगडं नेसून उमरेडवरून पायी दीक्षेले आली होती. त्या वाटेवरचं गाणं तिनं बिड्या वळता वळता स्वतः जोडलं आहे. एक अक्षर लिहिता येत नाही तिले, सगळं डोक्यात. पण तंबाखूच्या धुळीनं घसा बसत चालला आहे. उन्हाळ्यात वरचा सूर लागत होता, आता अर्ध्या वाटेतून परत येते. कॅसेट आता नाही निघाली तर मग काढून काय करू? आणि इकडे माझ्या कॅसेटींचे दोन खोके पलंगाखाली तसेच पडले आहेत. एकावर मांजर बाळंत झाली. तीन पिल्लं झाली, कॅसेट एकही कमी नाही झाली.

असं नाही की गाणी कोणाले आवडत नाहीत. आवडतात, हेच तर दुखणं आहे. शेजारच्या शोभाताईच्या पोरीच्या लग्नात मंगल परिणय होताच माझी कॅसेट वाजली, तिसऱ्या गाण्यात कुत्रं भुंकलं आणि माझ्या हातातला लाडू पत्रावळीवर पडला, कारण त्या घरी मी कॅसेट दिलेली नव्हती. विचारलं तर शोभाताई कौतुकानं म्हणे, ‘भाऊ, तुमचीच भरून आणली, आपल्या माणसाची गाणी पाह्यजेत ना!’ पैशाचं नाव काढलं की लोक असे पाहतात जसं मी विहार विकायले काढला. ‘मिशनची गाणी विकता काय, देवाजी?’ बाप्पा! मिशनच्या कार्यक्रमात पेंडॉलवाला पैसे घेते, लाऊडस्पीकरवाला घेते, सतरंजीवाला तर आधीच घेऊन जाते. फक्त गाणाऱ्यानं तेवढं मिशन चालवावं. त्याले हार घाला, टाळ्या वाजवा आणि घरी जाताना ‘एक भरून द्या ना’ म्हणा.

आता दसऱ्याचं ऐका. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मी फुटपाथवर चादर अंथरून बसलो, पंचफुला बाजूले. एवढी लाखोंची गर्दी, म्हटलं आज एक खोका तरी रिकामा होईल. दुपारी समोरच्या स्टॉलवरून माझा आवाज आला. मग कुत्रं आलं. जाऊन पाहतो तर कॅसेटीच्या डब्बीवर कोण्या भलत्याच माणसाचा फोटो, गॉगल लावून, आणि नाव ‘भैयाजी अँड पार्टी’. माझ्यापेक्षा निम्म्या भावात! मी स्टॉलवाल्याले म्हटलं, हा आवाज माझा आहे. तो म्हणे, कशावरून? मी म्हटलं, त्यात धरमपेठेचं कुत्रं आहे. तो म्हणे, भाऊ, कुत्रं काय, कोणाच्याही गाण्यात भुंकू शकते.

मग माझं डोकं फिरलं. तिथंच उभा राहून गायलो. पहिलं कडवं, दुसरं, वरचा सूर, सगळं. लोक जमले, शंभर-दोनशे तरी असतील. कोणी डोळे पुसून राहिलं, कोणी ताल धरून राहिलं. गाणं संपलं तसं एक म्हातारा माझी पाठ थोपटून म्हणे, ‘शाबास! अगदी कॅसेटसारखाच गाते बाप्पा हा!’ आणि त्या गर्दीनं तिथल्या तिथं स्टॉलवरच्या कॅसेटी उचलल्या. स्टॉल रिकामा झाला, मारोतराव. माझ्या गळ्यानं, माझ्या डोळ्यांसमोर. स्टॉलवाला माणूस दिलाचा मोठा, त्यानं मले शेवटली एक फोकटात दिली आणि म्हणे, उद्या पण या. चादरीवर येऊन बसलो. पंचफुलानं कॅसेटी मोजून पुन्हा खोक्यात ठेवल्या. ते मोजणं मले अजून सलते.

तेव्हा एक डाव समजून घ्या. गाणं पाहिजे असंल तर गाणाऱ्याच्या हातून घ्या. तो कुठं बसते ते विचारा, फुटपाथवर बसते तर फुटपाथवर जा. भाव करायचा तर आलू-कांद्याचा करा. आणि भरून घ्यायचं मन झालंच तर आधी त्या माणसाच्या दारात उभं राहून त्याले तोंडावर सांगा, की तुझी गाणी मले फार आवडतात, म्हणून तुले काही देणार नाही. पाहू कोणाची हिंमत होते. तुमच्या त्या चाळीस घरी हे पत्र वाचून दाखवा. हे भरून घेतलं तरी चालेल.

वच्छलाले सांगा, तिची बहीण आठवण काढते.

तुमच्यावर रागावलेला,
देवाजी

ता. क. – पत्र बंद करायच्या आधी पंचफुलाले वाचून दाखवलं. ती बिडी वळता वळता म्हणे, सगळं बरोबर लिहिलं, पण आपल्या पत्र्याच्या पेटीत त्या सात कॅसेटी आहेत, त्या कोणाच्या? पेटी उघडली. सातही भरून घेतलेल्या (तीन तर तुम्हीच दिल्या होत्या). त्यात चंद्रपूरकडचा एक कव्वाल आहे, त्याची ऐकून ऐकून मी सूर धरायले शिकलो. माझ्या पहिल्या गाण्याची चालही, खरं सांगतो, त्याचीच आहे. त्याले काही पाठवावं म्हणून नाव पाहिलं. डब्बीवर नुसतं ‘कव्वाली, छान’ असं लिहिलं आहे. इतकी वर्षं मी ज्याचं खाऊन राहिलो त्याचं मले नाव माहीत नाही.

ता. क. २ – धरमपेठेचा साहेब भाड्याशिवाय दार उघडत नाही आणि पंचफुलाचा घसा तेवढा थांबणार नाही. म्हणून रविवारी पहिल्या एस.टी.नं या. तुमचा तो दोन खिडक्यांचा टेप घेऊन या, कोऱ्या कॅसेटीही आणा. सकाळी तिचा सूर जरा लागते. पंखा बंद ठेवू, गल्लीतली कुत्री नत्थूजी सांभाळील. मग तिचं गाणं तुम्हाले पाहिजे तेवढं भरा, अख्ख्या उमरेडले वाटा, मी काही म्हणणार नाही. फक्त तुमचं अक्षर चांगलं आहे, तर हरेक डब्बीवर तिचं नाव पुरं लिहा. आणि पहिली कॅसेट मी विकत घेईन, पुऱ्या भावात. मले फोकटात द्याल तर याद राखा.