ज्याची चूक नाही त्याचा चहा

बाबा,

मागच्या आठवड्यात आमच्या गोडाऊनमध्ये भांडणं कशी मिटवायची ते शिकवायला एक माणूस आला होता. तुम्हांला जाऊन वीसेक वर्षं झाली, म्हणून आधी गोडाऊनचं सांगते. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या बऱ्याच लूम बंद पडल्या आणि हायवेच्या दोन्ही बाजूंना, जिथे भाताची शेतं होती तिथे, पत्र्याची गोदामं उभी राहिली, एकेक एवढं मोठं की आत आपलं दिघाशी गाव अख्खं मावेल आणि वर गुरं चरायला जागा उरेल. त्यातल्या एकात मी आहे. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, त्या इथून खोक्यांत भरून जातात. आवडल्या नाहीत की परत येतात. परत आलेल्या मालाचं खातं माझ्याकडे आहे. आता माझी पन्नाशी जवळ आली. लोक मला मॅडम म्हणतात, थोडे ताई म्हणतात.

तर तो माणूस. इस्त्रीचा शर्ट, कानाला माईक लावलेला, आणि आल्याआल्या सगळ्यांना गोल उभं केलं. पिशवीतून लोकरीचा लाल गुंडा काढला. म्हणाला, धाग्याचं टोक धरा, समोरच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोला आणि गुंडा त्याच्याकडे फेका. अर्ध्या तासात आमच्यामध्ये लाल जाळं तयार झालं. मग तो डोळे मिटून म्हणाला, "बघा, आपण सगळे एकमेकांशी कसे जोडलेले आहोत." भिवंडीच्या माणसांना सूत दाखवत होता हो तो! तिथे उभ्या असलेल्या निम्म्यांच्या बापांनी लूमच्या खडखडाटात कान घालवलेत. पुढे त्या जाळ्यातून बाहेर कसं यायचं हे काही त्याने ठरवलेलं नव्हतं. सगळे हात वर करून उभे, कुणाच्या घड्याळात धागा अडकलेला, कुणाच्या बांगडीत. शेवटी लोडिंगच्या एका माणसाने खिशातलं खोकी फाडायचं कटर काढलं आणि सगळं सपासप कापून टाकलं. दिवसभरात झालेलं एकमेव कामाचं काम ते. दुपारी जेवणानंतर त्याने पडद्यावर दोन हसरे चेहरे दाखवले आणि सांगितलं की भांडण नीट मिटलं तर दोघंही जिंकतात. मी मागच्या खुर्चीवर बसून तुमची आठवण काढत होते. एवढा पैसा खर्चून कंपनीने जे आणलं ते तुम्ही एका ग्लास चहात करत होतात.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून तुम्ही मला दिवसभर बरोबर नेलंत. अंबाडीहून एसटी, मग पायी, मग ती लूमची गल्ली, जिथे बोललेलं काही ऐकू येत नाही आणि सगळे ओठांवरून समजून घेतात. तुम्ही तिथले मुकादम. शेटचा तुमच्यावर भारी जीव, कारण तुमच्या शेडमध्ये भांडणापायी लूम कधी थांबली नाही. त्या दिवशी दोन कारीगर भांडले. एक तरुण, एक दाढी पिकलेले चाचा. तरुणाने पाळी संपताना उभ्या ताण्याचे तुटलेले धागे न सांधता तसेच सोडले आणि निघून गेला. कापडात लांबलचक दोष आला आणि बोल लागला पुढच्या पाळीच्या चाचांना. एवढं साधं होतं. मला लहान पोरीलाही कळलं की चूक कुणाची.

तुम्ही दोघांना बाहेर टपरीवर आणलंत. मी बाकड्याच्या टोकाला. तरुणाकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. चाचांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चाचा, तुम समझदार हो. चाय तुम पिलाओ, बात खतम करो."

चाचांनी तरुणाकडे बोट केलं. "मुकादम, गलती उसकी और चाय मेरी?"

"उसको क्या समझाना? समझनेवाला तो तुम हो."

चाचांनी चहा सांगितला. तरुण फुर्रकन प्यायला, मिशी पुसली, आत गेला. चाचांचा ग्लास तसाच राहिला, वर साय धरली. नंतर मला कळलं की तुमच्या शेडचा तो कायदाच होता. ज्याची चूक नाही, त्याने चहा पाजायचा. चहा झाला की त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, आणि काढलं तर काढणाराच भांडखोर. सगळी गल्ली तुमचं कौतुक करायची. मुकादमाच्या चहाने म्हणे आग विझते.

परत येताना एसटीत मी विचारलं, "बाबा, त्या म्हाताऱ्यानं काय केलं होतं?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "काय न्हाय केलं." मग त्याने चहा का पाजला, असं मी विचारलं. तुम्ही मला कधी नाही ते नीट उत्तर दिलंत. "चुकलेल्याला सांगून उपयोग हाय का? तो ऐकतोय थोडाच. जो ऐकतो त्यालाच सांगायचं. काम झाल्याशी मतलब." एवढं बोलून तुम्ही डोळे मिटलेत आणि वाडा रोडच्या खड्ड्यांतही शांत झोपलात. त्या झोपेचा मला अजून राग येतो.

शेटने त्या दिवाळीला तुम्हांला शाल दिली. हिरवी, जरीच्या काठाची. तुम्ही ती ओट्यावर बसून आल्यागेल्याला दाखवत होतात. पाहुणे गेले की आई ती घडी करून मिक्सरवर घालायची, धूळ बसू नये म्हणून. तुम्ही एकदा ओरडलात, मानाची शाल आहे ती. आई म्हणाली, "मिक्सर पण मानाचाच हाय."

आईचं तर तुम्हांला काय सांगू? तुमचा चहाचा कायदा तिने घरात आयुष्यभर भोगला. चूल एक, काकू आणि आई दोघी. काकू आईच्या डब्यातलं तिखट न विचारता घेणार, पाणी आईने भरायचं आणि हंडे काकूने रिकामे करायचे, आणि वर आईलाच लागेल असं बोलणार. आई कधीतरी तोंड उघडायची. मग तुम्ही कामावरून यायचात, हातपाय धुवायचात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून आईला म्हणायचात, "तू शहाणी हायेस ना? मग सोड." काकूला एकदाही काही बोलला नाहीत. एकदा आई भाकरी थापता थापता थांबली. पिठाचे हात तसेच वर धरून म्हणाली, "शहाणपणाचा सातबारा माझ्या एकटीच्याच नावावर हाय का?" तुम्ही हसलात. काकूही हसली. घरात मग म्हणच झाली ती, चारचौघांत सांगायची गंमत. आई त्या हसण्यात कधी सामील झाली नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

मलाही तेच. आठवीत एका मुलाने माझी वेणी बाकाला बांधली, मी त्याच्या डोक्यात कंपास घातला. हेडमास्तरांनी तुम्हांला बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात, त्या मुलाच्या बापासमोर, तुम्ही मला म्हणालात, "हुशार पोर असून तुला कळत न्हाय?" वेणी बांधणाऱ्याला कुणी हुशार समजत नव्हतं, म्हणून तो सुटला. त्या दिवसापासून मला हुशार, समजूतदार, शहाणी असलं काही म्हटलं की अंगावर काटा येतो. आपल्याकडे हे शब्द कौतुकाचे म्हणून देतात आणि मागाहून वसूल करतात.

तुमच्या दहाव्याला नदीवर माणसं मावत नव्हती. शेटचा मुलगा गाडी घेऊन आला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "देवमाणूस. जन्मात कुणाशी भांडला नाही." मी ओल्या साडीत उभी राहून मनात म्हणत होते, कुणासाठी तरी भांडला का? हे मी तेव्हा बोलले नाही. आई शेजारी होती, आणि तिने माझा दंड घट्ट धरला होता. तिच्याही मनात तेच असावं.

आता खरं भांडण. लोकरवाला गेला आणि दुसऱ्याच दिवशी पॅकिंगच्या बेल्टवर गडबड झाली. बेल्टवर बायका दिवसभर उभ्या असतात, बसायची बंदी. अंबाडीकडची एक जण आहे, माझ्याहून बरीच लहान, कंत्राटदाराच्या माणसांतली, दोन मुलं शाळेत. मला ताई म्हणते, येताना कधी चिंचा, कधी करवंदं आणते. तिचे पाय सुजले होते. माल यायला उशीर होता म्हणून ती एक क्रेट उलटा घालून टेकली. शिफ्टचा इनचार्ज मागून आला आणि पायाने क्रेट ओढून घेतला. ती सपशेल पाठीवर पडली. काही जण हसले. तो म्हणाला, "झोपायला येतेस काय इथं?" ती उठली, ड्रेस झटकला आणि शांतपणे म्हणाली, "जिथं पाडलात ना, तिथंच माफी मागा. या सगळ्यांसमोर." तो हसत पुढे गेला. मग तिच्या रांगेतल्या बायकांनी हात खाली घेतले. बेल्ट थांबला. एक बाई आपटली तेव्हा कंपनीला काही कळलं नव्हतं. बेल्ट थांबल्यावर दोन मिनिटांत कळलं.

केबिनमध्ये मीटिंग. एचआरचा मुलगा, इनचार्ज, ती, आणि बाई हवी म्हणून मी. दाराबाहेर कंत्राटदार उभा. मी आत जाताना त्याने मला सांगितलं होतं, "मिटवा ताई. न्हायतर उद्यापासून तिला घरी बसवायला लागंल मला." एचआरच्या मुलाने पडद्यावरचे हसरे चेहरे पाठ केले होते. म्हणाला, दोघांनी हात मिळवायचे आणि पुढे जायचं, झालं ते झालं. ती म्हणाली, "हात नको. खाली चला, बेल्टपाशी. एकदा सॉरी बोलू द्या." इनचार्ज मोबाईलमध्ये बघत होता. मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही बोला ना. तुम्ही इथल्या आहात, तुमचं ऐकतील."

बाबा, माझं वाक्य तयार होतं. मी इनचार्जला सांगणार होते की उठा, खाली चला, दोन शब्द बोला, तुमचं काही झिजणार नाही. केबिनमध्ये बोलावल्यापासून तेच घोकत होते. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली. चेहरा कोरा, बंद दुकानासारखा. याला सांगून काही होणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती पूर्ण माझ्याकडे वळून बसली होती. ऐकायला तयार असलेलं त्या खोलीत तेवढं एकच माणूस होतं.

आणि मी तिला म्हणाले, "तू समजूतदार आहेस ना?"

ती म्हणाली, "ताई, समजूतदार मीच का? त्यांना पण सांगा की कुणीतरी, व्हा म्हणून."

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर माझी ऑफिसची भाषासुद्धा गळून पडली. "त्याचं सोड गं. तू तुझं बघ. उद्या घरी बसलीस तर पोरांचं कसं व्हायचं? मिटव आणि मोकळी हो."

ती खुर्ची मागे सारून उठली. मग तिने हात पुढे केला. त्याने डाव्या हातातला मोबाईल न ठेवता उजवा हात दिला. एचआरच्या मुलाने फोटो काढला. तिची नोकरी राहिली, हे खरं आहे, आणि हे मी स्वतःला दिवसातून चार वेळा सांगते. दारातून जाताना ती म्हणाली, "येते, मॅडम."

मुलगा माझ्यावर खूश. म्हणाला, मॅडम, तुमच्यात हे उपजतच आहे. आमच्या बाकीच्या गोदामांतलीही भांडणं यापुढे माझ्याकडे द्यायची असं त्याने वर कळवलंय. सोमवारी मला हो किंवा नाही सांगायचं आहे.

आज रविवार. हे लिहायला बसले ते तुम्हांला शिव्या घालायला, आणि घातल्याही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. शेवटी एवढंच लिहायचं ठरवलं होतं की सोमवारी मी नाही म्हणणार आहे. तीनदा लिहायला घेतलं, हात पुढे गेला नाही. त्याचं कारण तुम्हांलाच सांगता येईल. ती केबिनमधून खाली गेली, रांगेत उभी राहिली, बायकांनी हात उचलले आणि बेल्ट सुरू झाला. तो आवाज वरपर्यंत आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. तेव्हा मला फार बरं वाटलं, बाबा.