मोरितांच्या घरचा होकार

हुबळी, ता. २ फेब्रुवारी १९३६

प्रिय यशवंता,

तुझं कोबेचं पत्र परवा पोचलं. सत्तावीस दिवस लागले. तेव्हापासून ते कोटाच्या खिशात घालून मी हिंडतो आहे आणि तुझी आई दर तासाला विचारते, पोराची तब्येत बरी आहे ना, मग तोंड असं का केलंय? तब्येत बरी आहे म्हणून तू लिहिलंस खरं, पण तिकडे थंडी किती, लोकरीचा कोट घालतोस का, भूकंप पुन्हा झाला का, यातलं एकही तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही. विसरू नकोस.

मोरितासाहेब एप्रिलात गिरणीच्या नोकरीतून मोकळे होणार, त्यांच्या निरोपाच्या सभेत ते माझी गोष्ट सांगणार आणि माझे शब्द तू त्यांच्या भाषेत वाचून दाखवणार, हे वाचून माझा ऊर भरून आला. चौदा वर्षं तो माणूस तिकडे सांगत आला आहे की हुबळीच्या एका कापूस-पारख्यानं परक्या देशात मला शब्द दिला आणि तो पाळला. आता तू म्हणतोस, अप्पा, त्या दिवशी नेमकं काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. चार ओळी लिहिल्या असत्या तर तुझं काम भागलं असतं. त्या चार ओळी इथल्या सगळ्या कापूसबाजाराला पाठ आहेत. पण काल सकाळी दौत घेऊन बसलो आणि हात पुढं सरकेना. खरं लिहावं तर माझी अब्रू जाते, आणि खोटं लिहावं तर ते तुझ्या तोंडून शेकडो माणसांसमोर जाणार. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. मला नीट मांडून लिहिता येत नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. आपल्या पेढीच्या गाठींबद्दल मोरितांच्या गिरणीतून तक्रार आली की लांब धाग्याच्या कापसात आखूड धागा मिसळला आहे. भीमरावशेटनी मला आणि जयतीर्थ कारकुनाला बोटीत बसवलं. इंग्रजी बोलायला जयतीर्थ, कापूस बघायला मी, असा हिशेब. पण जयतीर्थला वाटेत ताप भरला आणि कोबेला उतरल्या उतरल्या त्याला इस्पितळात ठेवलं. माझ्यापाशी उरली मराठी आणि कानडी. सिंगापूरपासून मी नुसत्या भातावर होतो. धक्क्यावर एकानं काही विचारलं तर मी मोठ्यानं कानडीत सांगितलं. त्याला कळलं नाही म्हणून आणखी मोठ्यानं सांगितलं. तो पळून गेला.

गोदामात मात्र तसं झालं नाही. तिथं मोरिता उभे होते, माझ्याच वयाचे, माझ्यासारखीच बोटांची टोकं झिजलेली. त्यांनी फोडलेल्या गाठीतून चिमूटभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढला, पुन्हा जोडला, पुन्हा ओढला, आणि सरळ झालेले तंतू काळ्या कापडाच्या फळीवर मांडले. मी तेच केलं, पण माझ्यापाशी फळी कुठली? मी आपला काळ्या कोटाच्या बाहीवर मांडला. त्यांनी बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फळी बाजूला ठेवून आपल्याही बाहीवर मांडायला लागले. मग तीन दिवस आम्ही दोघं बाह्या जवळ आणून गाठी तपासत होतो. तंतू आखूड असला की ते जीभ टाळ्याला लावून आवाज करायचे, चांगला असला की मी डोळे मिटायचो. चाळीस गाठींत तीनच वाईट निघाल्या. पेढीची पत राहिली. यातलं एक अक्षरही खोटं नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. हुबळीच्या हातानं कापसाशी खोटेपणा केला नाही हे त्यांना पटायला भाषा लागली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर आपल्या मुलाला बोलावलं. आपला सेइजी तो, तेव्हा वीस वर्षांचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोरिता बोलायला लागले. किती तरी वेळ बोलले. मध्येच कापसाच्या नमुन्याकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेर, मग माझ्या छातीकडे. आणि मग वाकले ते कपाळ चटईला टेकेपर्यंत. यशवंता, गोदामात आम्ही जे बोललो ते समोर होतं. तंतू समोर, गाठ समोर. घरात ते जे बोलत होते ते समोर कुठंच नव्हतं, मग मी बघणार कशाकडे? माझ्यापुढं एवढा मोठा माणूस जमिनीला कपाळ लावतो आणि मी काय दगडासारखा बसून राहू? वाटलं, मुलाला आशीर्वाद मागतायत. मी सेइजीच्या डोक्यावर हात ठेवला, मान जोरजोरानं हलवली आणि तोंडातून कानडी निघालं, आगली, आगली. असू दे, होऊ दे. परका माणूस दिसला की आपल्याला कानडीच सुचणार, दुसरं काय येतंय? मोरितांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा, माझ्या आशीर्वादाचं किती कौतुक.

घरी आल्यावर मी ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली आणि विसरून गेलो. पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर मुंबईहून तार आली, आणि गुरुवारच्या गाडीतून लोखंडी ट्रंक घेऊन सेइजी हुबळीच्या फलाटावर उतरला. त्याच्यापाशी इंग्रजीत टंकलेलं पत्र होतं. जयतीर्थनं ते भर पेढीत वाचलं आणि मराठीत सांगितलं. आपण माझ्या घरी बसून दिलेल्या शब्दाप्रमाणे माझा एकुलता एक मुलगा एक वर्षासाठी आपल्या घरी पाठवत आहे. त्याला कापूस शिकवा, तो आपला मुलगा समजा. भीमरावशेट उठले आणि म्हणाले, काय हो नागोजी, एवढा मोठा शब्द देऊन आलात आणि आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाही! सगळे माझ्याकडे बघत होते. तो पोरगा दारात उभा होता, धूळ खाऊन लाल झालेला. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, सांगण्यासारखं काय आहे त्यात? शब्द दिला तो दिला.

तेव्हापासून हुबळीत मी शब्दाचा पक्का माणूस. लॅमिंग्टन रोडवरून जाताना अजून कुणी तरी नवख्याला सांगतं, ते बघ, जपानात शब्द देऊन आलेले नागोजीराव.

सेइजीचं ते वर्ष तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तुझ्या आईला त्याचं नाव जमेना, तिनं त्याला शेषू केला. पहिल्याच दिवशी न्हाणीघरात पाणी तापवायच्या हंड्यात तो आत बसायला निघाला, त्यांच्याकडे तशीच आंघोळ करतात म्हणे, आणि तुझी आई ओरडत आली, अरे बाबा, आत नाही, बाहेर! मी त्याच्याशी बोलताना ओरडायचो. ती मात्र शेजारणीशी बोलावं तसं सरळ मराठीत बोलत सुटायची, भाजीवाली आली की कानडीत, आणि त्यानं उत्तर दिलं नाही तरी तिचं काही अडायचं नाही. महिन्याभरात तो ताटावर हात आडवा धरून म्हणायला लागला, आई, भाकरी साकु, साकु. साकु म्हणजे पुरे हे कानडी आणि भाकरी मराठी हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं, घरात एकच भाषा आहे.

आणि तू. तू त्याच्या मागं मागं फिरून त्याची भाषा उचललीस. दिवाळीपर्यंत मला कापसातलं काही त्याला सांगायचं असलं की मी तुला हाक मारायचो. नऊ वर्षांचं पोर पाटावर उभं राहून बापाचं बोलणं जपानीत सांगतंय हे बघायला बाजारातली माणसं यायची. तो गेल्यावरही त्यानं पाठवलेली पुस्तकं तू धारवाडच्या कॉलेजात जाईपर्यंत गिरवत बसलास. तेव्हा मीच म्हणायचो, या काड्यामोड्यांनी पोट भरणार आहे का? आज कबूल करतो, चूक माझी होती. परवा भीमरावशेट सगळ्यांदेखत म्हणाले, नागोजी, आमच्या पेढीचं तोंड आता कोबेला आहे आणि ते तुमच्या घरचं आहे. घरी येईपर्यंत मी ते वाक्य पाच जणांना सांगितलं.

आता जे राहिलं ते लिहितो. होकार मला न कळता दिला गेला एवढंच असतं तर मी एव्हाना हसत हसत सांगून टाकलं असतं. सेइजी आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला ताप भरला. तुला त्या दिवसांत मावशीकडे रायापूरला ठेवलं होतं. ताप उतरेना. वैद्य झाले, डॉक्टर झाले. तो त्याच्या भाषेत काही तरी मागायचा आणि आम्हाला कळायचं नाही की पाणी मागतो, पांघरूण मागतो की आईला हाक मारतो. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. परक्याचा एकुलता एक मुलगा माझ्या घरात गेला तर? मी स्टेशनवर जाऊन मुंबईचं तिकीट काढून आणलं. जयतीर्थबरोबर त्याला मुंबईला धाडायचं, तिथं त्याच्या देशाची माणसं आहेत, ती बघून घेतील. तापानं फणफणलेल्या पोराला गाडीत घालायला मी निघालो होतो, यशवंता.

तुझी आई त्याच्या उशाशी बसली होती. तिनं तिकीट माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही शब्द दिलाय ना? तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं मी खरं बोललो. म्हणालो, अगं, मी कसला शब्द देतोय? तो माणूस काय बोलला ते मला काडीचंही कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. वाटलं, ती कपाळावर हात मारून घेईल. तिनं ओली पट्टी पिळली, पोराच्या कपाळावर ठेवली आणि म्हणाली, तुम्हाला नाही कळलं. पण त्या बापाला कळलं ना? तुम्ही हो म्हणालात म्हणून तो तिकडे निवांत आहे. मग उठली आणि तिकीट चुलीत घातलं. त्यानंतर सहा दिवस ती त्याच्याजवळून हलली नाही. तो त्याच्या भाषेत काही म्हणाला की ती मराठीत उत्तर द्यायची, होय बाळा, आलेच, इथंच आहे. सातव्या दिवशी त्यानं पेज मागितली. मराठीत मागितली.

तिनं हे आजतागायत कुणालाही सांगितलेलं नाही. बाजारातून माझं कौतुक ऐकून येते आणि पोळ्या लाटायला बसते. एकदाही माझ्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे पत्र. मोरितांची मला माफी मागायची आहे आणि ती मान हलवून मागता येत नाही. हातवारे करून मी त्यांना कापूस समजावून सांगू शकलो, हे कसं सांगू? आता माझ्या घरात त्यांची भाषा येणारा माणूस आहे. तेव्हा सभेत माझे शब्द म्हणून हेच सगळं सांग. तिकिटाचं सांग, पेढीत मिशीवर हात फिरवला तेही सांग, आणि बापाची लाज राखायला एक शब्दही गाळू नकोस. सांग की होकार नागोजीनं न समजता दिला, आणि तो पाळला त्याच्या बायकोनं, कृष्णाबाईनं, जी शाळेची पायरीही चढलेली नाही. तिचं नाव नीट उच्चार, दोनदा घे, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. मोरिता रागावले तर रागावू देत, तसंच लिहून कळव. ते जे म्हणतील ते आधी त्यांच्याच भाषेत, आपल्या बाळबोध अक्षरांत लिही आणि खाली मराठीत अर्थ दे. वरची ओळ मी चार दिवस घोकून पाठ करीन आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला म्हणून दाखवीन. ती हसेल. हसू दे. मग खालची ओळ वाचीन.

तुझाच,
अप्पा