मागे केलेला हात

सोमवार, ४ मार्च

सलोखा फेरीची पोस्टरं शेवटी माझ्याच गळ्यात पडली! वरची वस्ती आणि खालची वस्ती दगडफेकीनंतर पहिल्यांदाच एकत्र चालणार. समितीचे मास्तर म्हणाले, "हातात हात नको हं. कबुतरंही नकोत." मग काढू काय, माझं डोकं?

बुधवार, ६ मार्च

चालणाऱ्या माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या काढल्या. चेहरे नाहीतच — वरचा कोण, खालचा कोण, कळायला नको. पण सगळी जणं खांबासारखी उभी! चालतच नव्हती. शेवटी पुढच्या आकृतीला दादाची चाल दिली. मला शाळेत सोडायला निघाला की तो असाच चालायचा — आपण पुढे, एक हात मागे केलेला, मी धरावा म्हणून. वळून काही बघायचा नाही.

काही वर्षांपूर्वी दगडफेक झाली आणि मी घाबरून वर राहायला आले. तो खालीच राहिला. "जा, तुला तिकडचेच जवळचे," म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद. मीही काही कमी हट्टी नाही.

समितीला चित्र पसंत. कुणी काही ओळखलं नाही. बरंच झालं.

रविवार, १० मार्च

दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. पोस्टरं खोलीभर वाळत घातलीत. जेवायला बसले तर समोर दादा, मागे दादा, दारावरही दादा — आणि ताटाशी मी एकटी. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, झालं.

मंगळवार, १२ मार्च

पोस्टरं दोन्हीकडे लागली. खाली लावायला मी गेले नाही.

गुरुवार, १४ मार्च

घोळ! खाली पंपघराच्या भिंतीवरच्या पोस्टरवर कुणीतरी काळ्या रंगानं काठी काढून ठेवली — पुढच्या आकृतीच्या हातात. मास्तर धावतच सांगायला आले. "सलोख्याच्या चित्रात लाठी! ही उघड धमकी आहे." वरचे काही जण आता येत नाही म्हणतात. फेरीच बारगळायची वेळ आली. आणि माझ्या चित्राला हात लावायची हिंमत होतेच कशी? असा संताप आला! एवढ्या वर्षांत त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही, पण उद्या मी स्वतः जाणार. पांढरा फिरवते त्या काठीवर.

शुक्रवार, १५ मार्च

रंगाचा डबा उघडला, तोच समोरची शिंपीणकाकू धावत आली. "अगं, पुसू नकोस! तुझ्या दादानंच काढलीय ती. गुडघे गेलेत त्याचे, काठीशिवाय पाऊल उचलत नाही. म्हणाला, तिला बिचारीला कुठून माहीत असणार!"

मग नीट पाहिलं. काठी पुढच्या हातात दिलीय. मागचा हात मोकळाच ठेवलाय.