गुंजी कौल कंपनीची पाच वर्षे तुंबलेली वार्षिक सभा

प्रति,
मे. रजिस्ट्रारसाहेब,
जॉइंट स्टॉक कंपन्या, मुंबई इलाखा,
मुंबई.

अर्जदार : भावकू निंगाप्पा गुरव, चिटणीस, गुंजी कौल कंपनी (खासगी, मर्यादित), मु. गुंजी, ता. खानापूर, जि. बेळगाव.

विषय : सन १९३४ ते १९३८ या पाच सालांचे वार्षिक तक्ते उशिरा दाखल करून घेण्याबाबत, कंपनीचे नाव पटावरून न काढण्याबाबत, व चालू सभेस मुदत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे 'सदर कंपनी हयात आहे किंवा कसे' असे विचारणारे पत्र, दि. ९ जानेवारी १९३९.

महोदय,

वरील पत्रास उत्तर म्हणून अर्जदार नम्रपणे कळवितो की कंपनी हयात आहे. हल्ली दोन भट्ट्या चालू असून बावीस माणसे कामावर आहेत. मातीच्या शेताचा पट्टा आणि गुंजी स्टेशनातील मालधक्क्यावरची जागा ही दोन्ही कंपनीच्या नावाने आहेत. कंपनीचे नाव पटावरून गेल्यास ही दोन्ही जातील, आणि बावीस माणसांनी कोणाच्या नावाने माती खणावी हे अर्जदारास सांगता येणार नाही.

हा अर्ज मराठीत केला आहे. यापूर्वीचे सर्व कागद अर्जदाराने इंग्रजीत पाठविले होते. आज तसे का केले नाही, त्याचा खुलासा कलम ६ मध्ये येतो. साहेबांनी तोपर्यंत राग धरू नये.

१. कंपनी सन १९२६ साली गुंडू व शामू या दोघा सख्ख्या भावांनी काढली. सभासद दोन, डायरेक्टरही तेच दोन. दोघे हयात असेतो वार्षिक सभा वेळेवर होत असे. सभा म्हणजे दोघे भाऊ चहा पीत आणि अर्जदार वाचत असे. कोरमचा प्रश्न कधी आला नाही. सन १९३४ च्या मार्चमध्ये थोरले गुंडू वारले व त्याच वर्षी भाद्रपदात धाकटे शामू वारले. त्यांचे शेअर त्यांच्या विधवा पत्नी अनुक्रमे नागुबाई व अंबुबाई यांच्या नावे चढले, व त्या दोघी डायरेक्टर झाल्या. दोघी सख्ख्या जावा. घरे दोन दारे सोडून. विहीर एक.

२. या दोन डायरेक्टर दि. ११ मार्च १९३४ पासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण कंपनीच्या कामकाजाशी संबंधित असल्याने नमूद करणे भाग आहे.

त्या दिवशी पहाटे गुंडू वारले. दुपारी नदीकाठी दहन झाले. नागुबाई घरच्या अंगणात बसल्या होत्या, तिथून त्यांना दोन धूर दिसले. एक नदीकडचा आणि दुसरा भट्टीचा. भट्टीचा धूर जास्त काळा होता. संध्याकाळी धाकटे शामू आंघोळ करून ओल्या धोतराने दारात आले, तेव्हा नागुबाई सगळ्या माणसांदेखत म्हणाल्या :

"भावजी, माझा माणूस तिकडं जळतोय आन् तुमची भट्टी एक दिस थांबंना व्हय?"

शामू काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव मुळातच कमी बोलण्याचा. अंबुबाई मात्र उठल्या व म्हणाल्या, "न इचारताच ज्यानं ठरवलं, त्याला काय सांगायचं?" आणि आपल्या घरी गेल्या. एवढेच. पुढे पाच वर्षांत या दोन वाक्यांत कोणीही भर घातली नाही.

३. यामुळे वार्षिक सभा भरविण्यात जी अडचण आली ती अर्जदार सालवार मांडतो.

सन १९३४ : दोन्ही डायरेक्टर वारले व शेअर नावे चढविण्यातच साल गेले, म्हणून सभा झाली नाही.

सन १९३५ : सभा गावच्या देवळात बोलाविली. नागुबाई दहाला आल्या व अकराला गेल्या. अंबुबाई अकराला आल्या. दोघी देवळाच्या पायरीवर एकमेकींना ओलांडून गेल्या, त्यास सभा म्हणावे की नाही याबद्दल अर्जदाराने आपल्या कचेरीस विचारले होते. नाही असे उत्तर आले, ते बरोबरच होते.

सन १९३६ : कंपनीच्या नियमाप्रमाणे कोरम न झाल्याने सभा आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा बोलाविली. एकट्या नागुबाई हजर राहिल्या. एक माणूस म्हणजे सभा होत नाही असे आपल्या कचेरीने कळविले. ते नागुबाईंना वाचून दाखविले असता त्या म्हणाल्या, "एकटीचं घर व्हतंय, सभा का व्हत न्हाय?"

सन १९३७ : अंबुबाई विहिरीच्या कट्ट्यावर आणि नागुबाई आपल्या सोप्यात बसल्या. अर्जदाराने मध्ये अकरा फेऱ्या मारल्या. ठराव सूचना होऊन निघत, पण अनुमोदनापर्यंत पोचेपर्यंत बदलून जात. बाराव्या फेरीला अर्जदाराच्या गुडघ्याने असहकार केल्याने सभा तहकूब.

सन १९३८ : अर्जदाराने सभा बोलाविलीच नाही. हे त्याचे चुकले.

४. आपले संदर्भांकित पत्र आल्यावर अर्जदार बेळगावास जाऊन उपेंद्रराव वकिलांना भेटला. त्यांनी सर्व कागद चाळून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दोघी सभासद एकाच वेळी एकाच ठिकाणी पाहिजेत. दुसरी, हिशेब व डायरेक्टरांचा अहवाल सभासदांना समजेल असा वाचला पाहिजे, पहिल्या तुंबलेल्या सालापासून, क्रमाने.

"आजवर कधी वाचला होता का?" असे त्यांनी विचारले.

अर्जदार म्हणाला, प्रती दरसाल दोघींच्या घरी पोच केल्या आहेत, आणि पोचेच्या सह्या आहेत.

वकील म्हणाले, "सह्या आहेत. वाचला होता का?"

५. गुंजीस परतल्यावर अर्जदाराने दोन्ही घरी जाऊन परिस्थिती सांगितली. अंबुबाई म्हणाल्या, "बावीस घरांचा सवाल हाय, येते. पर तिच्या सोप्यात पाय ठेवणार न्हाय." नागुबाई म्हणाल्या, "येते. पर भट्टीकडं येणार न्हाय. जलमात न्हाय." देवळात जायला दोघींचाही नकार, कारण तिथे माणसे बघतात. शेवटी गुंजी स्टेशनचा प्लॅटफॉर्म ठरला. तो दोघींपैकी कोणाचाच नव्हे. स्टेशनमास्तर आनंदराव यांनी गाडी आली की जागा मोकळी करावी या अटीवर एक बाक वापरण्यास परवानगी दिली. रेल्वेचा बाक दोन्ही बाजूंनी बसता येईल असा, मध्ये पाठ. दि. ५ फेब्रुवारी १९३९ रोजी सकाळी साडेनऊ वाजता नागुबाई एका बाजूस व अंबुबाई दुसऱ्या बाजूस बसल्या. दोघींच्या पाठीला मिळून एकच फळी होती. अशा बसण्यास कायद्याने 'जातीने हजर' म्हणता येते, असे वकिलांचे मत आहे. अर्जदार बाकाच्या टोकाला उभा राहिला, म्हणजे दोघींना ऐकू जाईल.

प्रथम अध्यक्ष निवडायचा होता. मग अंबुबाई समोरच्या घंटेकडे पाहत म्हणाल्या, "थोरली हाय ती. तीच अध्यक्ष." नागुबाईंनी हरकत घेतली नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर धरला आहे.

६. नंतर अर्जदाराने ३१ मार्च १९३४ अखेरचा डायरेक्टरांचा अहवाल वाचायला घेतला. तो मूळ इंग्रजीत होता. वकिलांच्या सांगण्यावरून अर्जदाराने आदल्या दिवशी त्याचे मराठी करून आणले होते. मराठी करताना तिसऱ्या परिच्छेदाशी त्याचा हात थांबला. तरी त्याने ते तसेच केले. तो परिच्छेद असा :

"दि. ११ मार्च १९३४ रोजी सकाळी आठ वाजता, दोन नंबरची भट्टी दुसऱ्या दिवसाच्या जाळावर असताना, डायरेक्टर शामू यांनी थोरल्या भावाच्या मृत्यूमुळे ती विझविण्याचा हुकूम दिला. मष्णू मिस्त्री याने ओल्या मातीने तोंडे लिंपून व पाणी मारून ती विझविली. आतील नऊ हजार कौले तडकून वाया गेली. हे नुकसान सदर डायरेक्टर आपल्या हिश्शातून सोसतील."

भट्टी बिघडल्याचे नागुबाईंच्या कानावर त्या वेळीच आले होते. सगळे दहनाला गेले व लक्ष द्यायला कोणी राहिले नाही म्हणून बिघडली, असा गावाचा समज होता आणि त्यांचाही तोच होता.

नागुबाई म्हणाल्या, "परत वाच."

अर्जदाराने पुन्हा वाचले.

"कुणी इझवली?"

"शामूअण्णांनी."

"कवा?"

"सकाळी आठला. दहनाच्या आधी."

"मग त्यो धूर?"

यावर अर्जदार बोलणार, तोच बाकाच्या दुसऱ्या बाजूने अंबुबाई बोलल्या. मान वळवली नाही. "आग मारली की धूर जास्तीच येतोय, आक्का. सांजपातूर येतोय."

साहेब, पाच वर्षांतले हे एका सभासदाने दुसऱ्या सभासदास उद्देशून केलेले पहिले भाषण होय. ते इतिवृत्तात घेतले आहे.

नागुबाई म्हणाल्या, "मला सांगितलं का न्हाईस गं?"

"ते म्हणालते, दादाच्या मौतीत कौलांचं काय सांगायचं. आन् मला वाटलं तुला ठावं हाय. तुला कागद आलता की. सही केलीस की तू. कागद वाचूनबी बोलंना, म्हटलं मग मी का बोलू?"

"इंग्रजीत आलता गं."

"मलाबी इंग्रजीत आलता. आत काय हाय ते ह्यांनी सांगितलं म्हणून मला ठावं."

या ठिकाणी दोन्ही डायरेक्टर बाकावर वळल्या आणि दोघींनी एकाच वेळी अर्जदाराकडे पाहिले.

७. आता अर्जदार आपला कबुलीजबाब देतो. वरील परिच्छेद शामू यांनी त्याला स्वतः सांगितला होता, मराठीत, भट्टीच्या कट्ट्यावर बसून. "खरं तेच लिव्ह," असे ते म्हणाले होते. "कंपनीच्या कागदात खोटं नको. बाकी कुठं बोलू नको." मष्णूलाही त्यांनी हेच बजावले होते. अर्जदाराने ते शब्द उत्तम इंग्रजीत घातले, हिशेबतपासनिसांनी त्याची तारीफही केली. शामू वारल्यावर त्याने त्याची छापील प्रत नागुबाईंच्या हातात दिली, सही घेतली, आणि घरी जाऊन जेवला. दोन घरांत काय चालले आहे ते त्याला दिसत होते. त्यावरचे औषध आपल्याच शब्दांत नागुबाईंच्या पेटीत पडले आहे हेही त्याला ठाऊक होते. परंतु घरगुती बाबीत बोलण्याचा चिटणीसास अधिकार नाही, अशी त्याची समजूत होती. आपण कागद पोच केला म्हणजे आपले काम झाले, असे तो पाच वर्षे मानत आला. प्लॅटफॉर्मवर त्या दोघी बघत असताना त्याला फक्त "चुकलं" एवढेच म्हणता आले. नागुबाई म्हणाल्या, "तुला काय म्हणायचं, अण्णा. तू लिवलंस तरी." हे ऐकून अर्जदारास फार लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून उशिराबद्दल जो दंड होईल तो कंपनीवर न बसविता अर्जदारावर जातीने बसवावा.

८. इतक्यात लोंढ्याकडची गाडी आली व अटीप्रमाणे बाक सोडावा लागला. सभा मालधक्क्यावर हलविली. तिथे कौलांच्या थप्प्या होत्या. नागुबाईंनी एक कौल उचलून पाहिले, पाठीमागून पुसले, आणि पुन्हा ठेवले. सन १९३४ चा हिशेब नागुबाईंनी सुचविला व अंबुबाईंनी अनुमोदिला. मंजूर.

सन १९३५ चा घेण्यापूर्वी अंबुबाई रडू लागल्या. नागुबाई अध्यक्ष या नात्याने त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. सभेचे ठिकाण बदलल्याची लेखी सूचना देण्यास वेळ नव्हता. अर्जदार दप्तर घेऊन मागून गेला.

९. तेव्हापासून सभा चालू आहे. सोमवारी सन १९३५ चा हिशेब अर्ध्यावर आला असता, शामूंना शेवटच्या आजारात काय खावेसे वाटत होते हा विषय निघाला, जो नागुबाईंना माहीत नव्हता. त्यात दिवस गेला. बुधवारी अंबुबाईंच्या सोप्यात सभा झाली, त्या दिवशी गुंडूंनी पहिली भट्टी लावली तेव्हा ती कशी कोसळली ते नागुबाईंनी सांगितले. दोघी हसल्या. अर्जदाराने हे इतिवृत्तात घेतलेले नाही. शुक्रवारी दोघी डायरेक्टर मष्णू मिस्त्रीला बरोबर घेऊन भट्टी पाहून आल्या. मष्णूने भट्टीच्या मागचा खड्डा दाखविला, त्यात त्या नऊ हजार कौलांचे तुकडे अजून आहेत. नागुबाई खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसून होत्या. नंतर त्यांनी तो बुजवू नये असा हुकूम दिला. अंबुबाईंचे अनुमोदन.

सन १९३६, ३७ व ३८ चे हिशेब वाचावयाचे राहिले आहेत. त्यात विशेष काही नाही. ते मराठीत तयार आहेत.

१०. आपल्या तक्त्यात सभा सुरू झाल्याची तारीख व वेळ, आणि संपल्याची तारीख व वेळ, असे रकाने आहेत. पहिला भरला आहे. दुसरा भरता येत नाही. आज नववा दिवस. काल दुपारी अर्जदाराने सोप्याच्या पायरीवरून विचारले, "आक्का, सभा संपली असं लिहू का?" आतून दोघींचेही एकदमच उत्तर आले. अंबुबाई म्हणाल्या, "गप बस रं." नागुबाई म्हणाल्या, "चा पिऊन जा, अण्णा. लई ऱ्हायलंय अजून."

तरी साहेबांनी कृपा करून कंपनीचे नाव पटावर राहू द्यावे, सोबतचा सन १९३४ चा तक्ता दाखल करून घ्यावा, आणि संपल्याच्या वेळेचा रकाना हल्ली कोरा ठेवण्यास परवानगी द्यावी. सभा संपल्यास अर्जदार तसे कळवील. घाई करण्याची त्याची हिंमत नाही.

आपला नम्र, व या प्रकरणी कसूरवार,

भावकू निंगाप्पा गुरव
चिटणीस, गुंजी कौल कंपनी (खासगी, मर्यादित)

गुंजी, दि. १३ फेब्रुवारी १९३९

सोबत :
१. सन १९३४ चा वार्षिक तक्ता व ताळेबंद, दोन्ही डायरेक्टरांच्या सह्यांनिशी. (सह्या एकाच दौतीने, एका बैठकीत झाल्या आहेत.)
२. डायरेक्टरांचा अहवाल, मराठी. इंग्रजी प्रत मागविल्यास पाठवू.
३. सभेचे इतिवृत्त, पाने एकोणीस, अपुरे.