तळ्याच्या सभेत तुझ्या नावावर

आई, आज तळ्याच्या सभेत मी तुझं नाव घेतलं. त्यावरून आपली धाकटी माझ्याशी भांडली आणि आता फोनही उचलत नाही.

आपल्या डोंबिवलीच्या चाळीमागचं तळं अजून आहे. तू गेलीस त्याला वीसेक वर्षं झाली; एवढ्या काळात तिथे बगळे कमी झाले आणि डेब्रिज वाढलं, बाकी फरक नाही. जागेवर उद्यानाचं आरक्षण तुझ्या वेळेपासूनच होतं. आता एकदाचा सरकारी निधी मंजूर झालाय आणि आजच्या सभेसाठी पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये त्याचा नकाशा लावला होता. तळ्याला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, कडेने फरशीचा ट्रॅक, मध्ये रंगीत कारंजं. चाळीकडची दलदल भराव घालून पार्किंगला. पावसाळ्यात मागच्या गल्ल्यांचं सगळं पाणी त्या दलदलीत उतरतं. ती भरली की पाणी तळमजल्यावरच्या खोल्यांत शिरणार, आणि सर्वांत आधी आपल्या जुन्या खोलीशेजारच्या काकूंकडे. त्या अजून तिथेच राहतात.

मी हे मांडलं तर पालिकेचा इंजिनियर शांतपणे म्हणाला, "काका, पैसा मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जातो. आज हरकत घ्याल, पुढची पंधरा वर्षं डासांबरोबर बसाल."

"आता कोणाबरोबर बसलोय, साहेब?" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला, आणि त्या हसण्यात माझा मुद्दा वाहून गेला. समोरच्या टॉवरमधली माणसं उद्यानाच्या बाजूने हात वर करायला लागली, पहिल्या रांगेतली धाकटीही. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माइकवर बोलता येत नाही, म्हणून त्यांनीच मला पुढे बसवलं होतं. तेव्हा मी पुन्हा उठलो आणि म्हणालो, "माझी आई असती ना, तर या दलदलीत मातीची एक पाटी पडू दिली नसती तिने. म्हणायची, हे तळं आहे म्हणून आपली चाळ कोरडी आहे." वर गेलेले हात खाली आले. तू दवाखान्यात आया होतीस, इथल्या घरांतली बाळंही न्हाऊ घालायचीस; त्या हॉलमधली निम्मी माणसं तुझ्या हातची न्हायलेली. इंजिनियरने पेन काढलं आणि म्हणाला, "ठीक आहे, लेखी द्या. उद्या सकाळपर्यंत. बघतो काय बदलता येतं."

तू असं कधीच म्हणाली नाहीस. मला तू दिसतेस ती स्वयंपाकघरात, पंचवीस पावलांवर तळं असून खिडकी घट्ट लावून घेतलेली, घामाने थबथबलेली. तुझ्या मागोमाग धाकटीलाही मलेरिया होतो, ती कुडकुडतेय, तू तिच्या अंगावर गोधडीवर गोधडी घालतेस आणि म्हणतेस, "बुजवा रे कोणीतरी हे डबकं." एकदा मी तुझा डबा घेऊन ठाण्याच्या दवाखान्यात आलो होतो. ड्युटी संपल्यावर तू मला टेंभी नाक्यावरून चालवत तलावाकाठी नेलंस, शेंगदाण्याची पुडी घेऊन दिलीस. मी टरफलं पाण्यात टाकली तर हातावर चापट बसली. "ही काय आपली चाळ आहे? टोपलीत टाक." मग तू चपला काढून बांधीव काठावर बसलीस, पाय पसरून. घरी तुला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. उठताना म्हणालीस, "आपल्याकडे असं कधी करतील?"

धाकटीलाही हे सगळं माहीत आहे. तिने मला शाळेच्या फाटकाशी गाठलं. "दादा, आई म्हणायची? कधी? माझ्या तापात की तिच्या?"

"अगं, काकूंच्या घरात पाणी—"

"ते बोल ना मग! पाण्याचं बोल. आईला कशाला मध्ये घालतोस? ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतात चाला. कुठे चालू, रिक्षांच्या मधून? माझे नवे गुडघे दिसले नाहीत तुला, दिसली ती दलदल."

मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो, जो जे बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही. मंत्र्याच्याही नाही.

आता लेखी म्हणणं समोर आहे. पहिल्या मसुद्यात तू होतीस आणि तो मसुदा चांगला होता. तुला काढल्यावर उरलं ते एवढंच: दलदल भरू नका, चाळीकडे भिंत नको, ट्रॅक टॉवरच्या बाजूने आधी करा, चढ नको, बसायला जागा ठेवा, कारंजं सोडून दिलं तरी चालेल. कोरडं झालंय. यावर इंजिनियर पेन काढेल की नाही, कोण जाणे. निधी परत गेला तर धाकटी मला माफ करणार नाही, आणि गेला नाही, भिंत तशीच झाली, तर पावसाळ्यात काकूंच्या दाराशी मला उभं राहता येणार नाही. धाकटीला वाचून दाखवावं म्हणून दोनदा फोन केला. उचलत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकतो. तू आज असतीस तर पहिल्या रांगेत, धाकटीशेजारी बसली असतीस. आणि तू तिथे बसलेली असतीस, तर मी उठलोच नसतो.