फाटकाबाहेरची विश्रांती

प्रिय धाकट्या,

आधी घडलेल्या गोष्टी, क्रमाने. त्या गुरुवारी सात तास ट्रक चालवून तू सकाळी पाचला गोदामाच्या फाटकावर पोहोचलास. माल उतरवायच्या रांगेत तीन तास दहा मिनिटे होतास. फाटकाबाहेरचा हा काळ कायद्याने विश्रांती मानला जातो, आणि तीन तासांची विश्रांती झालेल्या चालकाला पुढे चार तास चालवण्याची मुभा असते. माल उतरवून नऊला तू तसाच रिकामा ट्रक घेऊन इस्पितळाकडे निघालास. बाबांची शस्त्रक्रिया एक वाजता होती. साडेअकराला, तीस किलोमीटर उरले असताना, तू ट्रक कडेला घेऊन मला फोन केलास : ताई, डोळे मिटतायत, झोपून येतो. तू पावणेतीनला आलास. बाबांना आत नेताना त्यांची मान दाराकडे वळलेली होती.

यापुढचे माझ्या वर्तनाविषयी. चालवण्याचे नि विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या ट्रकमधल्या यंत्राचा कागद मी तुझ्याकडून मागून घेतला, उभ्याउभ्या तपासला आणि काका-आत्यांसमोर निकाल दिला, की कागदावर तू ताजातवाना आहेस, तेव्हा झोपेची सबब सांगू नकोस. आत्याने लगेच री ओढली, बापापेक्षा उशी प्यारी! तू कागदाची घडी करून खिशात ठेवलीस. बाबा शुद्धीवर येईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलास आणि गेलास. त्याला आज सहा आठवडे झाले. घराचा उंबरा तू ओलांडलेला नाहीस.

आपल्या घरात लहानपणीच वाटणी झाली होती : डोके ताईचे, हातपाय धाकट्याचे. तुझ्या वहीतला समास वाकडा गेला म्हणून मी पान फाडत असे आणि तू मुकाट्याने दुसरे लिहीत असस. त्या मुकाटपणाला मी मंदपणा समजत आले. माणसे वाचण्यात इतकी ढोबळ चूक मी दुसऱ्या कुणाची खपवून घेतली नसती.

गेल्या मंगळवारी मी त्याच फाटकावर गेले. ज्यांनी तुझ्या हाती स्टिअरिंग दिले, त्या उस्तादांच्या शेजारी, रांगेतल्या त्यांच्या ट्रकमध्ये बसले, मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेऊन. तीन तासांत ट्रक एकेचाळीस वेळा पुढे सरकला. सर्वांत दीर्घ स्तब्धता सात मिनिटांची. जरा डुलकी लागावी, तर मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवी. माझी मान कलंडलेली पाहून उस्ताद म्हणाले, झोपा की मॅडम, कायद्यानं तुमची विश्रांती चाललीय! मी हसले नाही. उतरले तेव्हा वहीतली माझी अक्षरे मलाच लागेनात, आणि मी तर नुसती बसले होते. मग ते तुझ्याविषयी म्हणाले, आमच्यातले बाकीचे यंत्राचं ऐकतात. तो एकटा डोळ्यांचं ऐकतो. रस्त्यावर दुसऱ्याचीही पोरंबाळं असतात म्हणतो.

यंत्र जा म्हणत होते, बाप वाट पाहत होता, दंडाचे भय नव्हते, बघणारे कुणी नव्हते. तरी तू थांबलास. इतकी वर्षे मी नियमांच्या सहवासात काढली, पण नियम जिथे चुकतो तिथेही त्याचा हेतू पाळणारा माणूस मला तुझ्याखेरीज भेटलेला नाही.

आता पत्राचे कारण. फाटकाबाहेरचा काळ विश्रांती समजावा, आणि रांगेतले सरकणे वाहन चालवणे मानू नये, हे कलम माझे आहे. शब्दन् शब्द माझा. ते लिहिताना मी एकाही चालकाला विचारले नव्हते. सख्ख्या भावालाही नाही. तुला हे ठाऊक होते. मंजुरीच्या दिवशी मीच तुला ते कौतुकाने वाचून दाखवले होते. इस्पितळात तुझ्या एका वाक्याने काका-आत्यांपुढे माझा निकाल लागला असता. तू कागदाची घडी केलीस. मी चुकले, धाकट्या. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे. त्यात खाडाखोड केलेली नाही.

सोबत सुधारलेले कलम आहे. ते येत्या सोमवारी समितीपुढे जाईल, पण तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय नाही. वाकडे दिसेल तिथे पान फाड. दुसरा प्रश्न : रविवारी जेवायला येतोस का? जिन्यात पाऊल वाजले, की बाबा अजून दाराकडेच मान वळवतात. फोन करू नकोस. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून विषय मिटवतोस. दोन्ही उत्तरे मला शनिवारच्या आत लेखी हवीत, तुझ्या सहीनिशी.

तुझीच,
ताई